वायर कापणाऱ्यांनो, एक चिठ्ठी तरी ठेवा

आज जरा भांडायचा मूड आहे, आधीच सांगून ठेवतो. ज्यांना मोटरसायकलच्या चकचकीत फोटोंमध्येच रस आहे त्यांनी हा शनिवार सोडून द्यावा.

भांडण एका वायरीवरून आहे. माझ्या गाडीच्या टाकीखाली कोणीतरी एक वायर कापली, तिच्या टोकाला काळी टेप गुंडाळली, टोक वायरींच्या जुडग्यात नीट दडवलं आणि गाडी विकून टाकली. त्या माणसाला मी कधी भेटलेलो नाही, भेटण्याची शक्यताही नाही. पण त्याने केलं ते तुम्ही-आम्ही रोज करतो, म्हणून हे भांडण सगळ्यांशी. माझ्याशीसुद्धा. त्याबद्दल पुढे.

गाडी जपानी, ६०० सीसी, चार सिलिंडर, चार कार्ब्युरेटर, एअर-कूल्ड. १९९० च्या दशकातली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नाहीच. घेतली इंग्लंडात, राहतो डर्बीला, ऑफिस नॉटिंगहॅमला. मधला रस्ता ए-५२, सरळसोट दुपदरी, आणि आजूबाजूला ट्रेंट नदीचं खोरं. हिवाळ्यात सकाळी तिथे धुकं असं बसतं की वाटतं कोणी ओली गोधडी वाळत घातली आहे.

जानेवारीतली सकाळ. तापमान ४ अंश. पंधरा मिनिटं साठच्या स्पीडने (मैलाच्या हो, इथे अजून मैलच चालतात) गाडी मस्त चालली होती. मग हळूहळू दम लागल्यासारखी झाली. थ्रॉटल पिळला तरी वेग वाढेना. पुढची गाडी स्लो झाली म्हणून थ्रॉटल सोडला आणि इंजिन बंद. एकदम शांतता. मागे ट्रक. कडेला धड थांबायला जागा नाही, आणि धुक्यात माझा मागचा दिवा त्याला कितपत दिसत होता हे तोच जाणे. हॉर्न, ब्रेकचा कर्कश आवाज, आणि माझ्या उजव्या कोपराजवळून एक भिंत सरकत गेली. कडेच्या गवतात गाडी ढकलली तेव्हा हात इतके थरथरत होते की हेल्मेटचा पट्टा सुटेना.

दहा मिनिटांनी बटण दाबलं, गाडी पहिल्या झटक्यात चालू. जणू काही घडलंच नाही!

आता आपल्या धंद्यातल्या लोकांना हा प्रकार नवा नाही. बग रिपोर्ट येतो, तुम्ही जाऊन बघता, सगळं व्यवस्थित. 'माझ्या मशीनवर तर चालतंय.' मी गाडी वर्कशॉपमध्ये नेली (नाव नको). त्यांनी प्लग बदलले, कार्ब्युरेटर साफ केले, चारही एका तालात लावून दिले, बिल दिलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. पुन्हा नेली. पुन्हा तिथे शहाण्यासारखी चालली. चालणारच! वर्कशॉपमध्ये हीटर लावलेला, बाहेर काढेपर्यंत इंजिन तापलेलं. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा काउंटरवरच्या गृहस्थाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की दोष माझ्याच मनगटात असावा. 'जुन्या गाड्या असंच करतात. आयडलिंग थोडं वाढवून देतो.' आणि वर एक सल्ला, की नवीन घ्या, हप्त्यावर मिळते.

घरी बायको म्हणाली, "विकून टाक ना. पोरगी अजून दोन वर्षांची पण नाही." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर अजूनही फारसं चांगलं उत्तर नाही. पण विकायची तरी कशी? ट्रकपुढे बंद पडणारी गाडी दुसऱ्या कोणाच्या गळ्यात मारायची, तीसुद्धा 'उत्तम स्थितीत' म्हणून? म्हणजे त्या वायर कापणाऱ्याने केलं तेच. फक्त त्याला कदाचित माहीत नव्हतं, मला माहीत असणार होतं.

मग शनिवार-रविवार लावले.

थोडं विज्ञान. आपला माठ आठवा. पाणी झिरपतं, त्याची वाफ होते, वाफ होताना उष्णता शोषली जाते आणि आतलं पाणी गार होतं. किंवा इंजेक्शनच्या आधी नर्स दंडाला स्पिरिट लावते तेव्हा कसं गार लागतं? कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोलचा माठच. हवा अरुंद गळ्यातून जोरात जाते, तिचा दाब कमी होतो, ती थोडी गार होते. त्यात पेट्रोल उडतं, त्याची वाफ होते, आणि हवा आणखी बरीच गार होते. ही घट २० ते ३० अंशांचीही असू शकते. बाहेर ४ अंश असेल तर आत शून्याच्या खाली जायला काय उशीर? आणि हवेत धुकं, म्हणजे पाणी तयारच आहे. थ्रॉटलच्या पाकळीच्या कडेला आणि आयडलिंगच्या बारीक भोकांपाशी बर्फ धरू लागतो. थ्रॉटल उघडा असतो तोवर हवा वाट काढते. सोडलात की उरलेली फट बर्फाने बुजते आणि इंजिन गुदमरतं. मग गाडी उभी राहते, इंजिनची उष्णता वर चढते, बर्फ वितळतो, पुरावा नष्ट. एवढा सफाईदार गुन्हेगार मी प्रॉडक्शनमध्येसुद्धा पाहिलेला नाही.

गंमत म्हणजे कडाक्याच्या थंडीत हा त्रास कमी होतो, कारण तेव्हा हवेत पाणीच फार नसतं. शून्य ते दहा अंश आणि ओलसर हवा ही मोटरसायकलींसाठी सगळ्यात वाईट. म्हणजे इंग्लंडचा जवळजवळ अख्खा हिवाळा.

हे काही गूढ ज्ञान नाही. छोटी विमानं उडवणाऱ्यांना कार्ब्युरेटरचा बर्फ अगदी सुरुवातीच्या धड्यांत शिकवतात. कार्ब्युरेटरवाल्या विमानात एक्झॉस्टजवळ तापलेली हवा आत घेण्यासाठी वेगळा दांडा असतो, आणि ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाने तर या विषयावर पायलटांसाठी स्वतंत्र पुस्तिकाच काढलेली आहे. उबदार पण दमट दिवशीही बर्फ धरू शकतो असं त्यात बजावलंय. विमान बंद पडलं तर कडेला घेता येत नाही, म्हणून तिथे सगळे गंभीर. मोटरसायकल बंद पडली तर 'जुन्या गाड्या असंच करतात.'

तर या गाड्या बनवणाऱ्यांना हे माहीत होतं. म्हणूनच ब्रिटनला पाठवलेल्या त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांच्या कार्ब्युरेटरमध्ये छोटे विजेचे हीटर बसवलेले असायचे. बोटाच्या पेराएवढा पितळी तुकडा, कार्ब्युरेटरच्या अंगात आट्यांनी बसवलेला, मागून वायर. एक थर्मोस्विच, जो थंडी पडली की आपोआप सर्किट जोडतो आणि ऊब आली की तोडतो. बस. यात ना कॉम्प्युटर, ना सेन्सरची फौज. कोणीतरी टोकियो-ओसाकाकडच्या ऑफिसात बसून ट्रेंटच्या धुक्याचा विचार केला होता!

माझ्या गाडीत हे चारही हीटर जागच्या जागी होते. फक्त त्यांच्याकडे जाणारी वायर कापलेली होती.

का कापली, तेही कळलं. मल्टिमीटर लावला. हीटरवर १२ व्होल्ट, ३० वॉट लिहिलेलं, म्हणजे हिशेबाने रोध ४.८ ओहमच्या आसपास हवा. तीन ठीक निघाले. चौथा शून्य. आतून शॉर्ट. म्हणजे कधीतरी गारठ्यात थर्मोस्विच जोडला गेला असणार, चौथ्या हीटरने फ्यूज उडवला असणार, आणि या गाडीत त्याच फ्यूजवर इग्निशनही असल्यामुळे गाडी जागीच मेली असणार. मालकाने किंवा त्याच्या मेकॅनिकने शोधलं, हीटर सापडले, वायर कापली, फ्यूज बदलला, गाडी चालू. टाळ्या.

आणि इथे मला प्रामाणिक राहायला हवं. त्या क्षणी वायर कापणं चूक नव्हतं. रात्री पावसात रस्त्याच्या कडेला मी असतो तर मीही कापली असती. बिघडलेला भाग वेगळा काढून बाकीची सिस्टिम चालू ठेवणं यालाच आपण सोमवारी मीटिंगमध्ये भारी नावं देतो. चूक दुसऱ्या दिवशी सुरू झाली. तात्पुरतं होतं ते कायम झालं, त्यावर काळी टेप बसली आणि कोणाला सांगितलं गेलं नाही.

आपण सॉफ्टवेअरवाले अशा वेळी लगेच चेस्टरटनचं कुंपण काढतो. इंग्रज लेखक जी. के. चेस्टरटन यांनी १९२९ साली मांडलेला मुद्दा: रस्त्यात कुंपण दिसलं आणि ते का घातलंय हे कळत नसेल, तर आधी ते कळून घ्या, मगच पाडा. छान आहे, मीही पन्नास वेळा कोड रिव्ह्यूमध्ये फेकलाय. पण तो इथे अपुरा पडतो. कापणाऱ्याला त्याचं कारण माहीत होतं की! फ्यूज उडत होता. माहीत नव्हतं ते माझ्यासारख्याला, जो तीन वर्षांनी किंवा दहा वर्षांनी त्या गाडीवर बसला. पाडणाऱ्याने विचार केला की नाही, हा अर्धाच प्रश्न झाला. इथे कुंपण होतं हे पुढच्याला दिसतंय का, हा उरलेला अर्धा, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे इंग्लंडचे चोचले, आमच्याकडे पुण्यात बर्फ कुठला? बरोबर आहे, कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरल्याची तक्रार आपल्याकडे सहसा ऐकू येत नाही. पण वायर कापायची सवय? सांगलीला आमच्या गॅरेजवाल्या काकांनी बाबांच्या गाडीचा कूलंटचा थर्मोस्टॅट माझ्या डोळ्यांदेखत काढून टेबलावर ठेवला होता. "हे थंड देशासाठी असतंय, आपल्याकडं काय कामाचं न्हाई." बाबांनी मान डोलावली. मीही. किती हुशार माणूस असं वाटलं होतं! मग इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, तोवर पेट्रोल जास्त खातं, गार इंजिनात झीज जास्त होते. पण हे सगळं हळूहळू होतं, त्यामुळे त्याचा दोष कोणाच्याच नावावर लागत नाही. साइड स्टँडचा स्विच बिघडला? दोन वायरी जोडून टाका. फ्यूज सारखा उडतोय? जाड तार घाला. अर्थिंगची पिन टोचत नाही? तोडून टाका. आणि याला आपण कौतुकाने जुगाड म्हणतो, त्यावर मॅनेजमेंटच्या लोकांची भाषणं ऐकतो.

जुगाडाला माझा विरोध नाही. बाबांनी बजाज स्कूटर एका बाजूला कलती करून आयुष्यभर चालू केली, त्याच्यात कसला आलाय विरोध. ज्याला आपण जुगाड केलाय हे दिसतं, तो प्रामाणिक आहे. स्कूटर कलती केली की सगळ्या गल्लीला कळायचं की हिच्यात काहीतरी भानगड आहे. माझा विरोध आहे तो न दिसणाऱ्या जुगाडाला.

समोरच्या बाजूचे मुद्दे ऐकून घेऊ, नाहीतर एकतर्फी होईल.

एक: "तीच गाडी दुसऱ्या देशांत हीटरशिवाय विकली जायची, म्हणजे हीटर चैनीचाच." हा वर्कशॉपवाल्याचा मुद्दा, आणि अर्धा खरा आहे. कोरड्या, उबदार देशांत जाणाऱ्या गाड्यांना कंपन्या हीटर बसवत नसत. पण म्हणूनच तर ज्या देशासाठी मुद्दाम बसवला तिथे तो काढू नये ना! कोकणातल्या घराला उतरतं छप्पर का, देशावर तर धाबं चालतं, असं विचारण्यासारखं आहे हे.

दोन: "पेट्रोलमध्ये ॲडिटिव्ह घाल, होतं काम." होतं. मी वापरून पाहिलं, फरक पडला. पण ते दर टाकीला आठवणीने घालायचं. जी गोष्ट मशीन आपोआप करत होतं, ती आता माणसाने न विसरता करायची. अशा व्यवस्थेचं पुढे काय होतं हे ज्यांनी रिलीजच्या रात्री हाताने स्क्रिप्ट चालवल्या आहेत त्यांना विचारा. शिवाय २०२१ च्या सप्टेंबरपासून इथलं साधं पेट्रोल १० टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं असतं, आणि इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा बरीच जास्त उष्णता लागते. म्हणजे माठ थोडा जास्तच गार.

तीन: "फ्युएल इंजेक्शनची गाडी घे." मान्य, अगदी मान्य. तिथे पेट्रोल थ्रॉटलच्या पुढे, गरम भागाजवळ फवारलं जातं, त्यामुळे हा त्रास जवळजवळ संपतोच. भारतात तर २०२० च्या बीएस-६ नंतर बहुतेक नव्या दुचाकींमधून कार्ब्युरेटर गेलाच. पण सवय गेली का? पूर्वी वायर कापायचे, आता सेन्सरच्या जागी खोटा सिग्नल देणारा तुकडा लावून चेक इंजिनचा दिवा विझवतात. टेप तेवढी नवीन.

चार: "गाडी एमओटी पास आहे ना?" ही इथली वार्षिक तपासणी. ब्रेक, दिवे, टायर, स्टिअरिंग सगळं बघतात. कार्ब्युरेटरचा हीटर त्या यादीत नाही. माझी गाडी पहिल्या फटक्यात पास झाली होती आणि दोन महिन्यांनी ट्रकपुढे बंद पडली. सगळे टेस्ट हिरवे आहेत म्हणून शांत झोपणाऱ्यांनी नोंद घ्यावी :-)

आता माझ्या स्वतःशी असलेलं भांडण. नोकरीचं दुसरं वर्ष, पुण्यातली कंपनी. बिलिंगच्या एका प्रोग्राममध्ये फाइल वाचायच्या आधी उगाचच दोन सेकंद थांबायची एक ओळ होती. कॉमेंट नाही, काही नाही. मी ती काढली. टेस्ट पास, प्रोग्राम फास्ट, मॅनेजर खूश. महिनाअखेरीला मोठ्या फाइली आल्या, समोरची सिस्टिम अजून लिहीतच होती, आणि आमचा फास्ट प्रोग्राम अर्धवट फाइली वाचून मोकळा झाला. दोन रात्री ऑफिसात काढल्या. तेव्हा मी त्या ओळीच्या लेखकाला मनसोक्त शिव्या घातल्या, की गाढवा, कॉमेंट का नाही लिहिलीस? आणि मग दुरुस्ती म्हणून काय केलं? ती ओळ परत टाकली. कॉमेंट न लिहिता. रात्रीचे तीन वाजले होते, घरी जायचं होतं. ती ओळ आजही कुठेतरी धावत असेल, आणि कोणीतरी दुसऱ्या वर्षाचा पोरगा तिच्याकडे बघून हसत असेल.

म्हणून त्या काळ्या टेपवाल्याला मी खलनायक करू शकत नाही. तोही घरीच निघाला असेल.

असो. दुरुस्ती. टाकी काढली, एअरबॉक्स मागे सरकवला, चारही कार्ब्युरेटरची रांग बाहेर काढली. पितळी हीटर वर्षानुवर्षं न हलल्यामुळे घट्ट बसलेले. पितळ मऊ, जोर लावला की कडा झिजतात. रात्रभर आटे सुटायचं तेल सोडून ठेवलं, सकाळी कार्ब्युरेटर पूर्ण रिकामे आणि कोरडे करून गॅरेजच्या बाहेर, मोकळ्या हवेत हॉट एअर गनने जरा शेकले, आणि मापाच्या पान्याने हळूहळू सोडवले. मेलेला हीटर अर्थातच सगळ्यात शेवटी सुटला. जुन्या गाड्या सुट्या करून विकणाऱ्याकडून दुसरा आणला, आधी मीटर लावून. थर्मोस्विच बर्फाच्या पाण्याच्या मगात बुडवला, मीटर वाजला. बाहेर काढून हातात ऊब दिली, मीटर गप्प. बायको म्हणाली, माझा चहाचा मग आहे तो.

वायर पूर्वीसारखी नुसती जोडली नाही. चार हीटरचे मिळून १२० वॉट, म्हणजे १० अँपिअर. त्यासाठी वेगळा १५ अँपिअरचा फ्यूज आणि रिले घातला. आता उद्या हीटर मेला तर फक्त हीटरचा फ्यूज जाईल, इग्निशन चालू राहील. मूळ डिझाइनमध्ये खोट होती ती इथे. आणि तीच खरी दुरुस्ती होती, जी त्या पहिल्या माणसालाही करता आली असती, दुसऱ्या दिवशी, सवडीने. (आणि कृपा करून पेट्रोलजवळच्या हीटरला फ्यूजशिवाय किंवा थर्मोस्विचशिवाय वायर जोडू नका. मग बर्फापेक्षा वाईट गोष्टी होतात.)

एकूण खर्च वर्कशॉपच्या एका बिलापेक्षा कमी. वेळ दोन शनिवार आणि एक रविवार. दोन आठवडे लेख का आला नाही, त्याचं कारणही हेच.

पुढच्या सोमवारी ५ अंश होते, धुकं होतं. ए-५२ वर थ्रॉटल सोडताना पोटात गोळा आला. इंजिन चालू राहिलं. मंगळवारीही. तीन आठवडे झाले, अजून चालू आहे. बग पुन्हा आला नाही म्हणजे गेला असं मी म्हणणार नाही. पण यावेळी निदान तो कुठे राहायचा हे मला माहीत आहे.

माझी मागणी फार मोठी नाही. कापा. काढा. बायपास करा. कधीकधी तेच योग्य असतं. पण खूण ठेवा. कोडमध्ये एक ओळ, गाडीत एक चिठ्ठी, विकताना तोंडी एक वाक्य. 'इथे अमुक होतं, या कारणासाठी काढलं, या परिस्थितीत त्रास होईल.' याला पाच मिनिटं लागतात. आणि गिऱ्हाइकाने तक्रार आणली, तुमच्या वर्कशॉपमध्ये ती दिसली नाही, तर त्याला वेड्यात काढण्याआधी एकदा विचारा, की बाबा रे, होतं तेव्हा हवा कशी असते? मला तीन खेपांत हा एक प्रश्न कोणी विचारला नाही.

फ्यूजच्या डबीच्या झाकणाला आतून मी एक लॅमिनेट केलेली पट्टी चिकटवली आहे. तारीख, कोणता फ्यूज कशाचा, चौथा हीटर का बदलला, थर्मोस्विच कुठे आहे. बाबांना फोनवर सांितलं तेव्हा ते म्हणाले, "तुझ्यानंतर ती गाडी घेणारा वाचणार आहे होय रे ते?"

बहुतेक नाही वाचणार. पण तो गवतात उभा राहून शिव्या घालेल तेव्हा झाकण उघडेल, एवढी आशा आहे.